रक्त येते, पण दुखत नाही
(प्रस्तावना)

"जीभ दाखवा," हे दोन शब्द मी तीस-बत्तीस वर्षे रोज म्हणत आलो. पेशंट तोंड उघडतो, मी बॅटरी मारतो, जीभ पाहतो, घसा पाहतो, बॅटरी बंद. या दोहोंच्या अलीकडे दात असतात आणि दातांना धरून हिरड्या असतात, हे मला माहीत नव्हते अशातला भाग नाही. पण ते खाते आपले नव्हे, हे डोक्यात पक्के बसलेले. एक्स्प्रेसने अकोल्याहून बडनेऱ्याला जाणाऱ्याला मधले माना आणि कुरुम खिडकीतून दिसतात. तो तिथे उतरत नाही, एवढेच.

मला उतरवले ते दर्यापूरकडच्या एका कास्तकाराने. वय पंचावन्नच्या आसपास, मधुमेह आठ-नऊ वर्षांचा. गोळ्या वाढवून झाल्या होत्या, चहातली साखर सुटली होती, सकाळचे फिरणेही सुरू होते, आणि तरी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, नवाच्या खाली यायला तयार नव्हती. आता इन्सुलिन सुरू करू, असे मी म्हणालो, तेव्हा त्याची बायको हळूच बोलली, "यायच्या रगताचं सांगा ना." तो तिच्यावर खेकसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काई नाई डाक्टरसायेब. सकाऊन उशीले रगत लागलेलं रायते. हिरडीचं हाये. पण दुखत नाई काई, मंग कायले सांगाचं?"

मी बॅटरी पुन्हा लावली. खालच्या पुढच्या दातांच्या मागे पिवळी-काळी कीट, भिंतीला सिमेंटचा हात मारावा तशी. हिरड्या लाल, फुगलेल्या, चकचकीत. हातमोजा घालून एका दाढेच्या कडेला बोट दाबले तर पू वर आला. हे सगळे कित्येक वर्षे माझ्यापासून दोन फुटांवर होते आणि मी दर वेळी त्याच्या वरून घसा पाहत होतो.

त्याला मी ज्या दंतवैद्याकडे पाठवले, त्याचेच हे पुस्तक आहे. त्याने चार बैठकांत ती कीट काढली, हिरड्यांच्या आतून दातांची मुळे साफ केली, कास्तकाराला ब्रश कसा धरायचा ते मुलाला शिकवावे तसे शिकवले. चार महिन्यांनी साखर साडेआठच्या खाली आली. श्रेय कोणाला द्यायचे हे मला तेव्हा ठरवता आले नाही, आजही येत नाही. कारण त्याच काळात त्याच्या सुनेने गोळ्यांच्या वेळा आपल्या हाती घेतल्या होत्या. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. पण त्या दिवसापासून माझी बॅटरी मधल्या स्टेशनावरही थांबते.

प्रस्तावना लिही म्हणून लेखक घरी आला तेव्हा मी म्हटले, एखाद्या मोठ्या दंतवैद्याला सांग. तो हसला. म्हणाला, "दातांच्या डॉक्टरने दातांचे महत्त्व सांगितले की लोक म्हणतात, धंद्यासाठी बोलतो. साखरेच्या डॉक्टरने सांगितले तर निदान ऐकून तरी घेतील." हे पटले. शिवाय या विषयाला दोन्ही बाजूंनी पाहणारा माणूस हवा. हिरड्यांच्या आजाराबद्दल कमी बोलले जाते ही एक अडचण. आणि जेव्हा बोलले जाते तेव्हा वाटेल ते बोलले जाते, ही दुसरी.

आधी आजार काय आहे ते पाहू. दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा बुळबुळीत थर बसू लागतो. रोज तो निघाला तर प्रश्न नाही. हिरडीच्या कडेला राहून गेला की लाळेतले कॅल्शियम त्यात जिरते आणि त्याची दगडासारखी कीट होते. मग ती ब्रशने निघत नाही. हिरडी सुजते, घासताना रक्त येते. इथपर्यंतच्या सगळ्याला परतीची वाट आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला हॅराल्ड लो या संशोधकाने निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू केले, हिरड्या पूर्ववत झाल्या. इतका साधा, स्वस्त आणि निर्विवाद प्रयोग वैद्यकात क्वचित सापडतो.

पुढची पायरी मात्र परतीची नाही. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खाच पडते. निरोगी हिरडीत ही खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. चार, पाच, सात मिलिमीटर झाली की आत अन्न आणि जंतू साठतात, तिथे ब्रश पोचत नाही, आणि दाताला धरणारे हाड हळूहळू झिजू लागते. यालाच आपल्याकडे जुनी माणसे पायरिया म्हणतात. हाड गेले ते गेले. दात हलू लागतो, आणि एक दिवस भाकरीच्या घासाबरोबर हातात येतो, बहुतेक वेळा न दुखता.

न दुखणे हीच या आजाराची खरी चाल आहे. अमरावतीचे दंत महाविद्यालय ज्या रस्त्यावर आहे, त्याच तपोवन-वडाळीच्या भागात डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. कुष्ठरोगाबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना लवकर समजत नाही. बोटे झडतात ती मुख्यतः जंतूंनी खाल्ल्यामुळे नव्हे. तिथली संवेदना गेलेली असते, चटका कळत नाही, ठेच कळत नाही, जखम चिघळते आणि कोणी लक्ष देत नाही. दोन्ही आजारांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ज्या जखमेची बोंब होत नाही ती सर्वांत जास्त नासधूस करते, हे त्या परिसरात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. कीड लागलेली दाढ रात्री अडीचला माणसाला उठवते. हिरडी वीस वर्षे काही म्हणत नाही.

आणि जखम केवढी? हिरड्यांचा आजार पसरलेल्या माणसाच्या सगळ्या दातांभोवतीच्या खाचांचे आतले अस्तर उलगडून एका जागी पसरले, तर त्याचे क्षेत्रफळ आठ ते वीस चौरस सेंटीमीटर भरते, असा हिशेब संशोधकांनी केला आहे. म्हणजे साधारण काडेपेटीच्या रुंद बाजूएवढी, रक्त आणि पू येणारी जागा. मधुमेहाच्या पेशंटच्या पायाला एवढी जखम झाली तर अख्खे घर त्याला उचलून दवाखान्यात आणते, गावातला कोणी तरी पाय कापल्याची गोष्ट सांगतो, रात्रभर झोप लागत नाही. तोंडात तीच जखम घेऊन माणूस पोळ्याला पुरणपोळी खातो.

त्या जागेतून जंतू रोज थोडेथोडे रक्तात उतरतात. चावताना उतरतात, घासतानाही उतरतात. त्यातले बहुतेक शरीर काही मिनिटांत निपटते. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हिरडीतली सततची सूज दाहाची रसायने रक्तात सोडत राहते आणि यकृत त्याला प्रतिसाद म्हणून सीआरपी नावाचे प्रथिन वाढवते. आमच्याकडे तापाच्या पेशंटचा सीआरपी रिपोर्ट पाहायची सवय आहे. तोंडात शांतपणे जळणाऱ्या शेगडीमुळे तो थोडा वर राहू शकतो, हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवले नाही. ही रसायने इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. उलट बाजूने, रक्तातली साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, जखम भरत नाही, हिरडी आणखी बिघडते. सासू-सुनेचे भांडण कोणी सुरू केले हे जसे कळत नाही, तसे इथेही.

म्हणून मधुमेह हा या पुस्तकाचा कणा आहे, आणि तो असायलाच हवा. ऑर्हुसचा प्रयोग करणाऱ्या त्याच हॅराल्ड लो यांनी १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि उशिरा भरणाऱ्या जखमा या यादीच्या पुढची. त्यानंतर अनेक चाचण्या झाल्या. त्या सगळ्यांचा ताळा २०२२ साली कॉक्रेनच्या आढाव्यात मांडला गेला: हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची साखर सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते. कोणाला वाटेल, एवढेच? मधुमेहाची एखादी जादा गोळी सुरू करूनही कित्येकदा फार वेगळे काही हाती लागत नाही, आणि ती गोळी जन्मभर घ्यावी लागते. २०१३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत काहीच फरक दिसला नव्हता, हेही लेखकाने लपवलेले नाही. तिथे उपचारानंतरही पेशंटांच्या दातांवर थर तसाच होता, असा टीकाकारांचा आक्षेप होता. मला तो आक्षेप रास्त वाटतो. अर्धवट साफ केलेल्या विहिरीचे पाणी तपासून विहीर साफ करण्याचा उपयोग नाही, असे म्हणता येत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तो आता फक्त राजापेठ आणि रतनलाल प्लॉटसारख्या शहरी वस्त्यांतला आजार राहिलेला नाही. माझ्या बाकावर तेल्हारा, अंजनगाव, बाळापूरची माणसे बसतात. त्यांच्यातल्या किती जणांच्या फाइलीत हिरड्यांविषयी एक ओळ असेल? डोळे तपासा, पाय तपासा, लघवीतले प्रोटीन पाहा, हे आम्ही सांगतो. हिरड्या दाखवा, हे सांगणारे अजून थोडे आहेत.

हृदयाची गोष्ट जरा सांभाळून सांगायला हवी, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. तोंडातली घाण सगळ्या शरीरात रोग पसरवते, हा विचार नवा नाही. सुश्रुताने मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली, त्यातले पंधरा दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे. शीताद, दंतवेष्ट, उपकुश ही त्यांची नावे आजही आयुर्वेदाचे विद्यार्थी पाठ करतात. शीतादाच्या वर्णनातला अकारण येणारा रक्तस्राव आणि दुर्गंधी वाचली की माझा दर्यापूरचा कास्तकार डोळ्यांसमोर उभा राहतो. युरोप-अमेरिकेत मात्र हा विचार वेगळ्या वळणावर गेला. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करून तोंडातल्या लपलेल्या सेप्सिसवर असा काही हल्ला चढवला, की पुढची वीस-तीस वर्षे दात उपटण्याची लाटच आली. संधिवात? दात काढा. अशक्तपणा? दात काढा. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटनने वेड बरे करण्यासाठी पेशंटांचे दात काढले आणि दातांवर न थांबता पुढचे अवयवही काढले.

ही लाट वऱ्हाडातही पोचली होती, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या आजोबांचे गुडघे धरले होते. एका डॉक्टरने सगळा दोष दातांत आहे म्हणून दोन महिन्यांत त्यांचे सतरा दात काढले. आजोबा मरेपर्यंत काठी घेऊन चालले आणि भाकर दुधात कुस्करून खात राहिले. ठेचा खाता येत नाही, ही त्यांची तक्रार गुडघ्यांच्या तक्रारीपेक्षा मोठी होती. पुढे ती उपपत्ती साफ बदनाम झाली, आणि तिच्याबरोबर तोंडाचा नि शरीराचा संबंध हा विषयही वैद्यकाच्या दिवाणखान्यातून बाहेर गेला. आमच्या पिढीचे डॉक्टर दातांकडे पाहत नव्हते, त्यामागे हेही एक कारण होते.

तो विषय परत आला १९८९ साली फिनलंडमधून. हृदयविकाराचा झटका आलेल्या लोकांचे दात-हिरड्या इतरांपेक्षा जास्त खराब असल्याचे मट्टिला आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यानंतर असे कित्येक अभ्यास झाले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली त्या सगळ्यांचा निवाडा केला तो असा: दोन्ही आजार एकत्र आढळतात, आणि त्याचे कारण केवळ विडी-सिगारेट किंवा वय नाही, पण हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळतो, याला पुरावा नाही. २००७ मधल्या एका चाचणीत हिरड्यांची कसून सफाई केल्यावर पहिल्या दिवशी रक्तवाहिन्यांची लवचीकता उलट घटली आणि सहा महिन्यांनी ती आधीपेक्षा सुधारलेली दिसली. हे आशादायक आहे, एवढेच मी म्हणेन. त्यापुढे जाऊन कोणी ब्रशने बायपास टळते असे सांगू लागला, तर आजोबांच्या सतरा दातांना स्मरून त्याच्यापासून दूर राहा.

हृदयाच्या बाबतीत एक संबंध मात्र शंभर टक्के पक्का आहे, आणि त्याची आठवण आपल्याकडे कमी ठेवली जाते. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेली माणसे आपल्या जिल्ह्यांत आजही आहेत; काहींना कृत्रिम झडप बसवलेली असते. तोंडातले जंतू रक्तातून अशा झडपेवर जाऊन बसले तर तिथेच घर करतात, आणि तो आजार जीव घेऊ शकतो. कृत्रिम झडपवाल्यांना दात काढण्याआधी किंवा हिरड्यांची सफाई करण्याआधी अँटिबायोटिक द्यावे लागते. घरात कोणाच्या झडपेचे ऑपरेशन झाले असेल तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी ते सांगा. नंतर सांगून उपयोग नाही.

आता मेळघाट. धारणी-चिखलदऱ्याचा विषय निघाला की कमी वजनाची मुले आठवतात, आणि हिरड्यांचे पुस्तक म्हटल्यावर तिथे उडी मारण्याचा मोह कोणालाही होईल. १९९६ साली ऑफेनबाखर यांनी अमेरिकेत असे दाखवले होते की हिरड्यांचा आजार असलेल्या मातांना अपुऱ्या दिवसांची, हलक्या वजनाची मुले होण्याचे प्रमाण जास्त. बातमी जगभर गेली. पण २००६ साली एका मोठ्या चाचणीत गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केलेल्या आणि न केलेल्या बायकांची तुलना झाली. हिरड्या सुधारल्या, उपचार सुरक्षित ठरले, पण मुदतपूर्व बाळंतपणे कमी झाली नाहीत. त्यामुळे कोरकू बाईला जाऊन, तुझ्या हिरड्यांमुळे तुझे बाळ हलके निघाले, असे सांगणे हा अन्याय होईल. तिचे बाळ हलके निघते त्याला तिची भूक, तिच्या रक्तातले लोह, कमी वयात आणि एकामागून एक झालेली बाळंतपणे, पावसाळ्यात तुटणारा रस्ता ही कारणे आधी उभी आहेत. लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात हे प्रकरण जरा उत्साहाने लिहिलेले होते. आमचा त्यावर वाद झाला आणि त्याने ते बदलले, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

गरोदरपणात हिरड्या सुजतात आणि रक्त येते, हे मात्र खरे. शरीरातल्या बदललेल्या संप्रेरकांमुळे तेवढ्याच थराला हिरडी जास्त चिडते. यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे ब्रश बंद. आणि बाळंतीण झाल्यावर तर दात कच्चे असतात म्हणून सव्वा महिना बोटाने घासायचे. अमरावतीला डफरीनच्या बाळंतिणींच्या वॉर्डात मी हे ऐकले आहे, अकोल्याला लेडी हार्डिंगमध्येही ऐकले आहे. मूल झाले की एक दात जायचाच, हेही त्यातलेच. दात मुलामुळे जात नाही. दोन बाळंतपणांत मिळून वर्षभर हिरडीकडे कोणी पाहिलेले नसते, म्हणून जातो.

अशा समजुतींचे प्रकरण हे या पुस्तकातले सर्वांत वाचनीय प्रकरण आहे, कारण लेखकाला लोकांवर राग येत नाही. "सफाई केली का दात हालतेत" हे वाक्य त्याने हजारदा ऐकले असेल. त्याचे उत्तर तो असे देतो: दात आधीच हलत होते, कीट त्यांना कुबडीसारखी धरून होती, कुबडी काढली तेव्हा तुम्हाला कळले. वरची दाढ काढली की नजर जाते, याचेही त्याने शांतपणे निराकरण केले आहे. नजर जाण्याचे वय आणि दाढ काढण्याचे वय एकच असते, एवढेच.

खाऱ्या पाण्याबद्दलचा समज जास्त खोल आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून जातो, आणि तिथला माणूस दातांच्या कीटीचा दोष डोळे मिटून बोअरच्या पाण्याला देतो. पाण्याने भांड्याला थर बसतो ते तो रोज पाहतो, तेव्हा दाताला का बसणार नाही, असा त्याचा सरळ हिशेब. पण कीट मुख्यतः आपल्याच लाळेतल्या क्षारांची बनते. पाणी कितीही गोडे असले तरी न निघालेल्या थराचा दगड होतोच. खारे पाणी माणसाच्या आयुष्याचे पुष्कळ वाटोळे करते, पिकांचे तर करतेच. पण हा गुन्हा त्याच्या नावावर लावता येणार नाही, आणि लावला की ब्रशची सुटका होते.

खरा गुन्हेगार पानठेल्यावर उभा असतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून पाटीवर खर्रा घोटला जातो, त्याचा तो घासल्याचा आवाज आपल्या बसस्टँडांच्या आवाजांतला एक आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा हाताने घोटला जातो म्हणून त्याला जणू कायदा लागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात जवळजवळ चारपैकी एक प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळला. शेतात कामाला जाताना बार भरला की भूक मरते, आणि बायकांमध्ये मिश्रीने दात घासण्याची सवय त्याहून जुनी, कारण ती सवय नसून दात घासणेच आहे असे वाटते. ज्या जागी बार ठेवला जातो तिथली हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची तऱ्हा आणखी फसवी: निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यामुळे आतून हाड झिजत असतानाही रक्त कमी येते. रक्त येत नाही म्हणजे ठीक आहे, असे त्यांनी समजू नये. तोंडाचा कर्करोग हा या पुस्तकाचा विषय नाही, पण हिरडी तपासायला उघडलेल्या तोंडात पांढरा चट्टा सापडल्याचे दोन प्रसंग लेखकाने सांगितले आहेत. ते वाचाच.

"माझ्या आज्यानं कधी ब्रश पाह्यला नाही आन् नव्वदीत हुरडा खाल्ला," हा युक्तिवाद मला स्वतःला आवडतो, कारण तो खोटा नाही. श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० मजुरांवर १९७० पासून पंधरा वर्षे नजर ठेवली गेली. त्यांच्यापर्यंत ब्रश पोचला नव्हता, दातांचा डॉक्टरही नव्हता. थर आणि कीट जवळजवळ सगळ्यांच्या तोंडात. त्यातल्या ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा वाढलाच नाही. तो आजा त्या अकरांतला होता. नातू कोणत्या गटात आहे हे नातवाला माहीत नाही. आणि कडुलिंबाची, बाभळीची, करंजाची काडी वाईट नव्हे; पण चावून तिचा कुंचा करून दाताच्या मागच्या बाजूलाही ती फिरवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

वरूड-मोर्शीकडचे वाचक विचारतील, संत्री खाल्ली तर? क जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्यांतून रक्त येते, हे खलाशांच्या आजारावरून जगाला कळले. तुमच्या बागेत संत्री असताना तो आजार व्हायचे कारण नाही. आणि झालेली कीट संत्र्याने निघत नाही. अचानक, न घासताही भळाभळा रक्त येऊ लागले, अंगावर निळे डाग उठले, सोबत ताप असला तर मात्र दंतवैद्याकडे न जाता थेट फिजिशियनकडे या. डेंग्यू किंवा रक्ताचा आजार आधी पाहावा लागतो.

म्हाताऱ्यांबद्दलचे शेवटून दुसरे प्रकरण मला सर्वांत उपयोगी वाटले. अंथरुणाला खिळलेल्या आईचे अंग पुसले जाते, पाठीला पावडर लागते, कवळी मात्र रात्रभर तोंडातच. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनळीत उतरले की न्युमोनिया होतो. जपानमधल्या वृद्धाश्रमांत जेवणानंतर परिचारिकांनी तोंड साफ करून दिले, त्या म्हाताऱ्यांना न्युमोनिया कमी झाला. १९९९ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आले. इथे औषध नाही, यंत्र नाही, फक्त ओला फडका, मऊ ब्रश आणि पाच मिनिटे. स्मृतिभ्रंशाच्या प्रकरणात इतकी पक्की जमीन नाही. हिरड्यांतला एक जंतू मेंदूत सापडल्याची बातमी २०१९ साली गाजली, पण त्या जंतूवरच्या औषधाची चाचणी दोन वर्षांनी अपयशी ठरली. लेखकाने ते एका पानात आटोपले, तेवढेच त्याला पुरे होते.

पुस्तकात दोष आहेत. काही ठिकाणी भाषा दंत महाविद्यालयातली राहिली आहे, आणि आशाताईंसाठीचे प्रकरण आणखी लांब चालले असते. सरकारी रुग्णालयात दातांचा विभाग बहुतेक वेळा दाढ काढण्यापुरता ओळखला जातो, खोल सफाईसाठी वेळ आणि माणसे दोन्ही अपुरी पडतात. यावर लेखकाने हात राखून लिहिले आहे. मी असतो तर राखला नसता. विदर्भातले शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून नागपूरला आहे, आणि चिखलदऱ्याच्या माणसाला हलणाऱ्या दातासाठी नागपूर गाठणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणे. आमच्या खात्यातल्या लोकांबद्दलही त्याने सौम्य लिहिले आहे. आम्ही डॉक्टरांनी साखरेच्या फाइलीत हिरड्यांसाठी एक रकाना ठेवावा, आणि दंतवैद्यांनी हिरड्या सुजलेल्या प्रत्येक माणसाला साखर तपासली का हे विचारावे, एवढीच त्याची मागणी आहे. माझ्या दवाखान्यात तो रकाना गेल्या वर्षीपासून आहे.

पान उलटण्याआधी एक करा. उद्या सकाळी दात घासल्यावर पहिली चूळ मोरीत न टाकता पांढऱ्या बेसिनमध्ये किंवा स्टीलच्या वाटीत टाका आणि पाहा. गुलाबी दिसली तर पहिले प्रकरण सोडून दुसऱ्यापासून वाचायला लागा. आणि मधुमेह असेल तर साखरेची फाइल घेऊनच दंतवैद्याकडे जा.